दुखतं एकीकडे, दुखणं दुसरीकडे

(१९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. मी गेली चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा त्यांची अपेक्षा रास्तच होती. पण मी त्यांच्याकडून विषय बदलून घेतला. कारण सांगते. सकाळपासून आपण एकमेकांशी काय बोलतोय? मुलांची बारावी बोलून झाली, आणि मग सगळे एकाच विषयावर आले. आईचे गुडघे, बाबांची कंबर, सासूबाईंचा खांदा. आपण आता सेहेचाळीस-सत्तेचाळीसचे झालो. आपल्या आईवडिलांनी सत्तरी गाठली किंवा ओलांडली, आणि त्यांना कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, कधी न्यायचं हे आता आपण ठरवतो. म्हणून मला पंधरा मिनिटं हाडांच्या दुखण्याबद्दल बोलायचंय. तेही सगळ्या नाही, तर जे दुखतं हाडात पण ज्याचं मूळ फुप्फुसात असतं, अशा एका दुखण्याबद्दल.

मी डॉक्टर नाही, अभियंता आहे. जे सांगणार आहे ते आईच्या आजारपणात डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलेलं आणि मग वाचून पडताळलेलं आहे.

माझी आई तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. जून महिन्यात आमच्या ओसरीवर रांग लागायची. तुमच्यातल्या कित्येकांच्या खाकी पँटी आणि कित्येकींचे निळे स्कर्ट तिने शिवले आहेत. ‘वाढत्या अंगाचं शिवा’ असं तुमच्या आया सांगायच्या आणि ती दोन इंच कापड आत दुमडून ठेवायची. पुढे रेडिमेड गणवेश आले, तरी तिचं मशीन थांबलं नाही. गोधड्या, परकर, झबली असं काहीतरी चालूच असायचं.

ऑगस्ट २०२१ मध्ये तिच्या उजव्या अंगठ्याचं टोक सुजलं. वय अडुसष्ट. नखाभोवती लाल, हात लावला की गरम, आणि रात्री ठणका. घरात सगळ्यांनी एका सुरात निदान केलं, नखुरडं. अंगठ्यावर लिंबाची टोपी चढली, हळदीचा लेप झाला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही तेच वाटलं, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव अंगठ्यांना तसंच वाटायला हवं. त्यांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. सूज हलली नाही. दुसरी अँटिबायोटिक झाली. मग चीर देऊन पू काढायचं ठरलं. चीर दिली, तर पू निघालाच नाही, नुसतं रक्त आलं. पुढे रक्ततपासणीत युरिक अ‍ॅसिड थोडं वाढलेलं दिसलं आणि संधिवाताची गोळी सुरू झाली. आईचं स्वतःचं निदान वेगळंच होतं. ती म्हणायची, “चाळीस वर्षं कात्री धरली, अंगठा कुरकुरणारच.”

असे सात आठवडे गेले. खोकला नव्हता, धाप नव्हती, ताप नव्हता. वजन दोन-अडीच किलो उतरलं होतं, पण रात्रीची झोप नाही म्हणून जेवण जात नाही, असं त्याचंही उत्तर तयार होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. जाताना एका कागदावर चार रकाने आखले होते. तारीख, काय दुखलं, काय औषध दिलं, काय फरक पडला. आम्हाला कामात ही सवयच असते. प्रोग्रॅम बिघडला की आधी नोंदी काढायच्या, मग अंदाज करायचे. डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. चौथ्या रकान्यात खालपर्यंत एकच उत्तर होतं, ‘फरक नाही’. ते म्हणाले, “इन्फेक्शन असतं तर पू मिळाला असता. गाउट असता तर या गोळीने आठवड्यात उतार पडला असता. आपण हाड बघू.”

अंगठ्याचा एक्स-रे काढला. टोकाचं हाड जिथे असायला हवं तिथे अर्धं हाड नव्हतं. वाळवीने लाकूड खावं तसं आतून पोखरलेलं. आणि त्याच्या खालचा सांधा मात्र शाबूत. डॉक्टरांनी त्याच दुपारी छातीचा एक्स-रे सांगितला. अंगठ्यासाठी आलेल्या बाईच्या छातीचा फोटो कशाला, असं आई त्यांना विचारत होती. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात गाठ होती. पुढे सीटी स्कॅन, बायोप्सी आणि पेट स्कॅन झाला. फुप्फुसाचा कर्करोग. अंगठ्याशिवाय एका बरगडीत आणि कमरेच्या हाडातही तो पोचलेला होता. म्हणजे चौथी अवस्था.

आता हे होतं कसं, ते सांगते, कारण मला तेव्हा सगळ्यात जास्त हाच प्रश्न पडला होता. फुप्फुसातला रोग अंगठ्यात कसा?

कर्करोग हाडांत पसरणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचे जे रुग्ण पुढच्या अवस्थेत असतात, त्यांच्यातल्या साधारण तिघांपैकी एकाला केव्हा ना केव्हा हाडांचा त्रास होतो. पण तो होतो मणक्यात, बरगड्यांत, कमरेच्या हाडांत, मांडीच्या आणि दंडाच्या हाडांच्या वरच्या टोकाला. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि एक विचार मांडला. कर्करोगाच्या पेशी हे बी आहे, ते सगळीकडे उधळलं जातं, पण रुजतं ते मानवेल त्याच मातीत. मोठ्या माणसांत रक्त तयार करणारी तांबडी मज्जा असते ती मणके, बरगड्या, कंबर अशा मधल्या हाडांत. ती या बीला मानवणारी माती. हाताच्या बोटांत ती जवळजवळ नसतेच.

आता एक हिशेब बघा. शरीरात २०६ हाडं. त्यांपैकी दोन्ही हातांत ५४ आणि दोन्ही पावलांत ५२, मिळून १०६. म्हणजे निम्म्याहून जास्त हाडं हातापायांच्या पंजांत आहेत. तरीही हाडांत पसरलेल्या कर्करोगांपैकी तिथे सापडणारे जेमतेम हजारात एक. याला डॉक्टर अ‍ॅक्रोमेटास्टेसिस म्हणतात. हात असेल तर बहुतेक वेळा बोटाचं टोकाचं हाड, आणि त्यातही अंगठा पुढे. आणि हातातल्या या गाठीचं मूळ शोधायला गेलं की ते सर्वाधिक वेळा फुप्फुसात सापडतं, चाळीस टक्क्यांच्या वर. पावलात असेल तर आतडं, मूत्रपिंड, मूत्राशय यांचाही विचार करावा लागतो.

फुप्फुसच का? रक्ताचा रस्ता बघितला की कळतं. इतर अवयवांतून निघालेल्या कर्करोगाच्या पेशी नीलेतून हृदयाकडे येतात आणि तिथून फुप्फुसात जातात. फुप्फुसातल्या केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं म्हणजे चहाची गाळणीच. बऱ्याच पेशी तिथे अडकतात. आतड्यातून निघालेल्यांना तर आधी यकृताची गाळणी लागते. पण गाठ मुळात फुप्फुसातच असेल, तर तिच्या पेशी गाळणीच्या पलीकडेच सुटतात. फुप्फुसातून हृदयाच्या डाव्या बाजूला आणि तिथून थेट धमनीत. मग त्या मेंदूत जाऊ शकतात, मणक्यात जाऊ शकतात आणि क्वचित बोटाच्या टोकापर्यंतही.

तिथे पोचलेल्या पेशी स्वतः हाड कुरतडत नाहीत, हे ऐकून मी चकित झाले होते. आपल्या हाडांत मोडतोड करणाऱ्या पेशी आणि बांधकाम करणाऱ्या पेशी कायम कामाला असतात, दोघींचा तोल सांभाळलेला असतो. कर्करोगाच्या पेशी मोडतोड करणाऱ्यांना चिथावतात. हाड विरघळतं, त्यातून जी रसायनं सुटतात ती पुन्हा गाठीलाच पोसतात. बोट सुजतं, लाल होतं, ठणकतं. बाहेरून नखुरडं आणि हे, दोन्ही हुबेहूब सारखे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी नातेवाइकांची फसगत होते. आपण म्हणतो, ‘हे लवकरचं लक्षण आहे.’ ते पहिलं लक्षण असतं, रोगाची सुरुवात नसते. अंगठा सुजला त्या दिवशीच रोग चौथ्या अवस्थेत होता. ते सात आठवडे वाचले असते तर आई पूर्ण बरी झाली असती, असं कुठल्याच डॉक्टरांनी म्हटलं नाही. मग लवकर कळून काय उपयोग, असं कुणी विचारेल. उपयोग मोठा आहे. आईच्या वाट्याला सात आठवड्यांचा ठणका आणि नको असलेली एक चीर आली. पण हाच रोग मांडीच्या हाडात असेल तर साध्या पाय मुरगळण्याने हाड मोडतं. मणक्यात असेल तर मज्जारज्जू दाबला जाऊन पाय कायमचे लुळे पडू शकतात. तिथे आठवडे नाही, तास मोजावे लागतात. आणि औषध सुरू होतं त्या दिवशी माणूस किती धट्टाकट्टा आहे, यावर पुढचं बरंचसं अवलंबून असतं.

औषधांचं चित्रही आपल्या लहानपणासारखं राहिलेलं नाही. आईच्या गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली. काही गाठींत ईजीएफआर नावाच्या जनुकात बिघाड असतो. हा बिघाड आणि त्यावर नेमकं बसणारं औषध यांचा संबंध २००४ मध्ये स्पष्ट झाला. फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात भारतीय रुग्णांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश लोकांत हा बिघाड सापडतो, आणि कधीच न ओढलेल्यांत, विशेषतः बायकांत, त्याचं प्रमाण जास्त असतं. आईत तो होता. तिला रोज एक गोळी सुरू झाली. अंगठ्यावर रेडिएशन दिलं, दोन-तीन आठवड्यांत ठणका गेला. हाडांसाठी वेगळं इंजेक्शन होतं. ते सुरू करण्याआधी दात तपासून घ्यायला सांगतात, कारण त्या औषधाने क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने या गोळीच्या जोडीला केमोथेरपी दिल्यास काय होतं, याचा ३५० रुग्णांवर अभ्यास केला. तो २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. रोग आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला होता. असा अभ्यास आपल्या मुंबईत होतो, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आईला सांगायचं की नाही, यावर घरात दोन तट पडले होते. मामा म्हणत होता, कळलं तर ती खचेल. पण आईनेच मला समोर बसवलं आणि म्हणाली, “माप सांगितल्याशिवाय मी कापड कापते का? मग मलाही माझं माप सांग.” मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने विचारलं, “कात्री धरता येईल ना?” धरता आली. निदानानंतर ती सव्वादोन वर्षं जगली. त्यातली दीड वर्षं तर शेजारणींना आजार सांगूनही पटला नसता, अशी. माझ्या भाचीच्या बाळाचं बारसं झालं, तेव्हाची झबली आणि दुपटी तिनेच शिवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती गेली.

आणखी एक बोलते. आजार कळल्यावर भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असायचा, “घरात कोण ओढत होतं?” कुणीच नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण तंबाखूचा धूर हेच आहे, त्यात शंका नको, आणि इथे जे अजून मागच्या मैदानात जाऊन ओढून येताहेत त्यांनी हे वाक्य माझ्याकडून भेट म्हणून घ्यावं. पण न ओढणाऱ्यांनाही तो होतो. चुलीचा धूर, दुसऱ्याच्या विडीचा धूर, हवेचं प्रदूषण ही कारणं आहेत. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक ठरवलं. तेव्हा ‘आमच्याकडे कुणी ओढत नाही’ हे फुप्फुस न तपासण्याचं कारण होऊ शकत नाही, आणि आजारी माणसाला अपराधी ठरवायचा परवाना तर नाहीच नाही.

आता कामाचं. हे ऐकून उद्या प्रत्येक सुजलेल्या बोटाला घेऊन कर्करोगाच्या डॉक्टरकडे धावू नका. नखुरडं हे बहुतेक वेळा नखुरडंच असतं आणि गुडघा बहुतेक वेळा झिजलेलाच असतो. मी फक्त एवढं सांगते, की प्रत्येक निदानाला मुदत असते. डॉक्टरांना औषध घेताना विचारा, ‘हे किती दिवसांत उतरायला हवं?’ ती तारीख लिहून ठेवा. त्या तारखेला उतार नसेल तर औषध बदलून मागण्याआधी निदान पुन्हा तपासायला सांगा. शांतपणे विचारा, ‘हे दुसरं काही असू शकेल का? हाडाचा एक्स-रे काढावा का?’ चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

काही खुणा मात्र मुदत न बघता लक्षात ठेवा. विश्रांती घेऊनही न थांबणारं, रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं. दुखण्यासोबत विनाकारण उतरणारं वजन. किरकोळ धक्क्याने मोडलेलं हाड. पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्या माणसाची नवी पाठदुखी. ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणून महिनोन् महिने शेक घेतलेला, पण कळ करंगळीपर्यंत जाणारा खांदा, कारण फुप्फुसाच्या अगदी शेंड्यावरची गाठ नेमकी तिथल्या नसा दाबते. बोटांची टोकं फुगून नखं पोपटाच्या चोचीसारखी वाकणं. आणि पाठदुखीबरोबर पायांतली ताकद जाणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, हे असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठं रुग्णालय.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. छातीच्या फोटोत डाग दिसला की टीबीची शंका आधी येते, आणि येणं साहजिकही आहे. पण टीबीचं निदान थुंकीच्या किंवा गाठीच्या तपासणीने पक्कं होतं. नुसत्या फोटोवर औषधं सुरू झाली असतील आणि दोन महिन्यांत डाग कमी होत नसेल, तर तिथेही माझा तोच प्रश्न विचारा. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, पैसे भरण्याआधी त्याला भेटा.

आमच्या क्षेत्रात नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवावी लागते. चूक जिथे दिसते तिथेच ती असते असं नाही. पडद्यावर एक आकडा चुकीचा दिसतो आणि खरा घोटाळा चार कार्यालयं ओलांडून भलत्याच यंत्रात असतो. मुलं पडद्यावरचा आकडाच दुरुस्त करत बसतात. आईच्या अंगठ्याचं सात आठवडे नेमकं हेच चाललं होतं. हाडांच्या त्या डॉक्टरांनी फक्त एक केलं, अंगठ्यावरून नजर काढून वर छातीकडे नेली.

जेवणाची वेळ झाली आहे, मागच्या बाकांवरून मला खुणा होताहेत, शाळेत व्हायच्या तशाच. सर्वांना एक विनंती करते. आज रात्री घरी फोन कराल तेव्हा ‘बरी आहेस ना?’ एवढ्यावर थांबू नका, कारण आपल्या आया त्या प्रश्नाला ‘हो’ याशिवाय उत्तर देत नाहीत. विचारा, ‘तीन आठवड्यांपेक्षा जुनं असं काय दुखतंय?’ आणि उत्तर आलं तर चार रकान्यांचा एक कागद आखा. मी काही कोरे कागद आखून आणलेत, दाराशी टेबलावर ठेवले आहेत. जाताना प्रत्येकाने एक घेऊन जा.